खिडकीचं वेळापत्रक

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या बाई प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवतात. वर्गात ३८ मुलं. वर्ग पहिल्या मजल्यावर. एका बाजूच्या खिडक्या रहदारीच्या रस्त्याकडे, दुसऱ्या बाजूच्या व्हरांड्याकडे आणि त्यापलीकडे मैदान. काही पालकांनी मिळून हवेतले कण मोजणारं छोटं मीटर वर्गात बसवून दिलं. तेव्हापासून त्यावरच्या आकड्याचा फोटो रोज पालकांच्या ग्रुपवर जातो आणि वाद सुरू होतो. काही पालक म्हणतात, खिडक्या बंद ठेवा. काही म्हणतात, वर्गणी काढून प्युरिफायर घेऊ. मुख्याध्यापकांचं म्हणणं, खिडक्या सताड उघड्याच हव्यात, मुलांना मोकळी हवा मिळाली पाहिजे. रस्त्याकडच्या खिडकीशी बसणाऱ्या एका मुलाला दमा आहे आणि थंडीत त्याचा खोकला वाढतो. बाई विचारतात, "खिडक्या उघड्या ठेवू की बंद? रोज सकाळी कडी काढताना हात थबकतो. मीच या मुलांना विषात बसवते आहे असं वाटतं."

उत्तर :

बाई, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तेच तुम्हाला जास्त छळतं आहे. वर्गातली हवा तुम्ही बिघडवलेली नाही. ती रस्त्यावरून येते, दूरच्या धुराड्यांतून येते, कुठेतरी पेटवलेल्या कचऱ्यातून येते आणि थोडी वर्गातच बिघडते. मीटर लागायच्या आधीही ती अशीच होती, आता ती आकड्यांत दिसायला लागली एवढंच. त्यातला काही भाग तुमच्या हातात आहे, आणि तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. त्यासाठी 'उघडी की बंद' हा वाद मात्र सोडावा लागेल. तुमच्या वर्गात या प्रश्नाचं बरोबर उत्तर एका दिवसात तीन-चार वेळा बदलत असणार.

तुमची काळजी उगाच आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. इतके बारीक कण नाकातोंडात पुरते अडकत नाहीत, फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत उतरतात. मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात आणि त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात. दक्षिण कॅलिफोर्नियात १९९०च्या दशकात हजारो शाळकरी मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारा अभ्यास सुरू झाला. जास्त प्रदूषित भागातल्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ मागे पडते, असं त्यात दिसलं. त्याच अभ्यासाचे पुढचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले आणि ते मला फार मोलाचे वाटतात : तिथली हवा सुधारत गेली, तशी नंतरच्या मुलांची फुप्फुसं जास्त चांगली वाढली. म्हणजे केलेला उपाय मुलांच्या अंगी लागतो. बार्सिलोनातल्या ३९ शाळांचा अभ्यासही २०१५चाच. तिथे ७ ते १० वर्षांच्या मुलांत, ऐकलेलं डोक्यात धरून त्यावर काम करायची क्षमता जास्त प्रदूषित शाळांमध्ये संथ वाढताना आढळली. तुमची मुलं नेमकी याच वयाची आहेत.

आता ते मीटर. पालक ज्या आकड्यावरून भांडतात तो कशाचा आकडा आहे, हे कोणी पाहिलं आहे का? काही मीटर मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर दाखवतात, काही एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक. दोन्हींत १०० आलं तरी अर्थ एक नसतो, आणि एक्यूआयची पट्टी देशोदेशी वेगळी असते. ग्रुपवरचे निम्मे वाद इथेच मिटतील असं मला वाटतं. दुसरं, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी म्हणजे पीएम २.५ वर्षाच्या सरासरीत ५ आणि २४ तासांच्या सरासरीत १५ मायक्रोग्रॅम. या सरासऱ्या आहेत. सकाळी गाड्यांच्या गर्दीत मीटरवर ७० दिसलं आणि कोणी 'मर्यादेच्या जवळजवळ पाचपट' असं लिहून टाकलं, तर त्याने एका क्षणाची तुलना अख्ख्या दिवसाशी केली. पण दुपारी १२ दिसलं म्हणून 'आता काही धोका नाही' म्हणणंही तितकंच चूक, कारण ज्याच्याखाली काहीच अपाय होत नाही अशी पातळी अजून सापडलेली नाही.

शिवाय ही छोटी मीटरं कणांवरून उधळणारा प्रकाश मोजून अंदाज बांधतात. हवेत दमटपणा फार असला, धुकं असलं, की कण पाण्याने फुगतात आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. म्हणून एका आकड्यावर विसंबू नका, त्याच मीटरच्या दोन आकड्यांतला फरक बघा. मुलं बाकावर बसल्यावर त्यांचं नाक जिथे येतं त्या उंचीवर, फळ्यापासून आणि खिडकीपासून दूर ते ठेवा. शक्य असेल तर तसंच दुसरं मीटर दोन आठवडे उसनं मागून व्हरांड्यात टांगा. मग दोन आठवडे एक वही चालवा : शाळा भरताना, मधल्या सुट्टीआधी, सुट्टीनंतर आणि शाळा सुटताना, आतला आकडा, बाहेरचा आकडा आणि त्या वेळी कुठल्या खिडक्या उघड्या होत्या. तिसरीची मुलं हे काम आनंदाने करतील. ग्रुपवरचा रोजचा फोटो थांबवा, आठवड्याला एकदा या वहीचं पान टाका.

ही वही म्हणून आग्रहाने सांगते आहे, कारण खिडकीचा निर्णय तिच्यावरून घ्यायचा आहे. खिडक्या बंद करा म्हणणारे पालक असं धरून चालतात की बंद खिडकीच्या आतली हवा वेगळी असते. साध्या चौकटीच्या, फटी असलेल्या वर्गात ती फार काळ वेगळी राहत नाही. बारीक कण फटींतून येतच राहतात आणि काही तासांत आतला आकडा बाहेरच्याच्या मागोमाग चढतो. तोपर्यंत ३८ मुलं आत श्वास सोडत असतात. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. दारं-खिडक्या लावलेल्या भरल्या वर्गात तो तासाभरात १५०० च्या पार सहज जातो. माक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८५८ मध्येच खोलीतली हवा चांगली म्हणायची तर हा आकडा १००० च्या आत हवा असं सुचवलं होतं. मुलं जांभया देऊ लागतात, डोकी जड होतात, आणि एकाची सर्दी सगळ्यांना लागायला अशी साचलेली हवा पुरते.

मुख्याध्यापकांचं म्हणणंही अर्धंच बरोबर आहे. सताड उघड्या खिडकीने कार्बन डायऑक्साइड झपाट्याने उतरतो, पण रस्त्याचा धूर तितक्याच झपाट्याने आत येतो. कार्बन डायऑक्साइडचं मीटर हवा खेळते की नाही ते सांगतं, धुळीबद्दल ते काहीच सांगत नाही.

म्हणून वेळापत्रक. थंडीच्या दिवसांत सकाळी जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही आणि सगळा धूर खालीच दबून राहतो. नेमक्या त्याच वेळी मुलांना सोडायला आलेल्या गाड्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभ्या असतात. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर-खाली ढवळली जाते आणि आकडे बहुधा उतरतात. तुमच्या वहीतही असंच दिसलं तर शाळा भरताना आणि पहिल्या तासाला रस्त्याकडच्या खिडक्या लावलेल्या आणि व्हरांड्याकडच्या उघड्या असू द्या. मधल्या सुट्टीत मुलं बाहेर गेली की दोन्ही बाजू पूर्ण उघडून आरपार वारा खेळू द्या. पाच-दहा मिनिटांत वर्गातली बरीचशी हवा बदलते. त्यानंतर बाहेरचा आकडा उतरलेला असेल तर दोन्ही बाजू उघड्याच राहू द्या. शाळा सुटायच्या आधी फाटकाशी गाड्या जमू लागल्या की रस्त्याकडच्या पुन्हा लावा. गाड्यांची काजळी आणि सगळ्यात सूक्ष्म कण रस्त्यापासून दूर जाल तसे भराभर विरळ होतात, म्हणून मैदानाकडच्या खिडकीचा उपयोग होतो. पण ज्या दिवशी सगळ्या परिसरावरच धुराचं सावट असतं त्या दिवशी ही युक्ती चालत नाही. पीएम २.५चा मोठा भाग दुरूनही येतो, तो दोन्ही बाजूंना सारखाच असतो. असे दिवस वेगळे धरायचे, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

त्याआधी केर. या विषयावर कुणी भांडत नाही, वर्गणी काढत नाही, आणि म्हणूनच तो राहून जातो. उद्या मुलं गेल्यावर वर्गात एकट्या थांबून दोन जागा बघा. पंख्याच्या पात्याची हवा कापणारी कड : तिच्यावर काळसर, जरा चिकट थर असेल. बोटाने पुसा, सहज निघणार नाही. त्यात रस्त्याची काजळी आहे. मग फळ्याखालची पट्टी : तिथे पांढरी भुकटी असेल, फुंकरीने उडेल. तो खडू. खडूची भुकटी बहुतांशी जाड कणांची असते, पीएम २.५ पेक्षा ती पीएम १०च्या, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या, आकड्यात जास्त दिसते. सुट्टीनंतर मुलं धावत आत आली की पीएम १० टुणकन वर जातो, पीएम २.५ थोडासाच, तुमचं मीटर पीएम १०ही दाखवत असेल तर हे वहीत दिसू शकेल. जमिनीवर बसलेली धूळ पायांनी पुन्हा उडते, त्याचा हा परिणाम.

स्थिर हवेत १० मायक्रॉनचा कण डोक्याच्या वरून जमिनीवर यायला साधारण दहा मिनिटं घेतो. २.५ मायक्रॉनचा कण त्याच उंचीवरून यायला सुमारे तीन तास लावतो. आता सांगा, मावशी केर कधी काढतात? बऱ्याच शाळांत मुलं यायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, कोरड्या झाडूने, खिडक्या लावलेल्या असताना. म्हणजे रात्रभर खाली बसलेली धूळ उठवून ती नेमकी पहिल्या तासाला मुलांच्या नाकाशी तरंगत ठेवायची. हे काम शाळा सुटल्यावर करायचं, खिडक्या उघडून, आणि आधी ओल्या फडक्याने पुसायचं. मावशींशी तुम्ही स्वतः बोला, का ते नीट सांगा. सगळ्यात जास्त धूळ त्यांच्याच श्वासात जाते, त्यामुळे हा बदल त्यांच्याही भल्याचा आहे. त्यांना केर काढताना घालायला चांगला बसणारा मास्क शाळेने द्यावा. डस्टर खिडकीच्या गजावर आपटायचं नाही, ओलं करून पिळायचं. फळाही दिवसातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. वर्गात जाजम असेल तर ते उचलून टाका, लहान मुलांच्या वर्गात त्याच्याइतकी धूळ धरून ठेवणारी वस्तू दुसरी नाही. आणि शाळेच्या मागे कुणी पालापाचोळा जाळत असेल तर तो आजच बंद करायला लावा, बाकी सगळ्याच्या आधी.

आता प्युरिफायर. मी त्याच्या विरोधात नाही. चांगल्या गाळणीचं यंत्र कण खरोखर पकडतं. हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे कणसुद्धा ९९.९७ टक्के अडवते. पण वर्गणी काढण्याआधी एक साधा हिशोब मांडा. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच वर्गात १४४ घनमीटर हवा मावते. ती तासाला पाच वेळा गाळायची तर यंत्राने तासाला ७२० घनमीटर स्वच्छ हवा द्यायला हवी. यंत्राच्या खोक्यावर हा आकडा 'सीएडीआर' म्हणून लिहिलेला असतो. घरच्या झोपायच्या खोलीसाठीची बरीच यंत्रं याच्या निम्मीही देत नाहीत, आणि जी देतात ती सगळ्यात जोरात चालवल्यावर. वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूर्ण जोरावरचं यंत्र याच्या खूप पुढे जातं. मागच्या बाकावरचं मूल "बाई, ऐकू येत नाही" म्हणतं, तुम्ही वेग कमी करता, दुसऱ्या दिवशी बटणच बंद. कितीतरी वर्गांत यंत्रं अशीच कोपऱ्यात उभी राहतात. म्हणून ज्या वेगावर शिकवता येतं त्या वेगाचा सीएडीआर विचारा, आणि एका मोठ्या यंत्राऐवजी दोन-तीन हळू चालणारी घ्या. गाळण्या बदलायचा खर्च दरवर्षी कोण करणार, हेही त्याच सभेत लिहून घ्या.

खिडकीचं आणि यंत्राचं नातंही समजून घ्यायला हवं. समजा खिडक्या अशा उघड्या आहेत की बाहेरची हवा तासाला पाच वेळा आत येते आणि यंत्रही तासाला पाच वेळा गाळतं आहे. मग बाहेरून आलेल्या कणांचं प्रमाण आत साधारण निम्म्यावर राहतं. खिडक्या सताड उघडून हवा दहा वेळा बदलू दिली तर ते दोन-तृतीयांशावर राहतं. खिडक्या घट्ट लावल्या तर दहाव्या हिस्स्यापर्यंत खाली येऊ शकतं, पण मग कार्बन डायऑक्साइड चढत जातो. मी स्वतः निम्म्यावर समाधान मानेन : थोड्या उघड्या खिडक्या, चालू यंत्र, आणि सुट्टीत सगळं उघडून द्यायचं. मघाशी म्हटलेल्या धुराच्या दिवशी मात्र दोन्ही बाजू लावून यंत्र चालवा, दर तासाच्या शेवटी काही मिनिटं मैदानाकडच्या खिडक्या उघडा आणि मैदानावरची धावपळ त्या दिवशी रद्द करा. धावताना मूल बसलेल्या मुलाच्या कितीतरी पट हवा ओढतं.

यंत्र परवडत नसेल तर चार चौकोनी गाळण्या आणि वर एक चौकोनी पंखा चिकटवून केलेली पेटीही चांगलं काम करते. रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेनथल यांनी २०२० मध्ये ती सुचवली आणि अनेक शाळांनी स्वतः बांधली. गाळण्या एमईआरव्ही १३ दर्जाच्या हव्यात (गाळणी किती बारीक कण अडवते ते हा आकडा सांगतो), पंखा सुरक्षित वायरिंगचा हवा आणि मुलांची बोटं आत जाणार नाहीत अशी जाळी हवी. आयन सोडणारी किंवा ओझोन तयार करणारी यंत्रं मात्र वर्गात आणू देऊ नका. ओझोन स्वतःच फुप्फुसांना त्रास देतो, दम्याच्या मुलाला तर जास्तच. कोणी कुंड्यांचा आग्रह धरला तर झाडं जरूर ठेवा, मुलांना ती आवडतात. पण हवा स्वच्छ करण्याचं काम त्यांच्यावर सोपवू नका. तो समज १९८९च्या नासाच्या प्रयोगातून पसरला. तो प्रयोग बंद पेटीत, वायूंवर झालेला होता, धुळीच्या कणांवर नाही.

दम्याच्या मुलाबद्दल वेगळं लिहिते. त्याचा थंडीतला खोकला खिडकीमुळेच आहे असं धरून चालू नका. मुलांत दमा उसळण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे साधी सर्दी, आणि ती थंडीत वाढतेच. धूर त्यात भर घालतो. कारण कुठलं ते त्याचे डॉक्टर ठरवतील. तुम्ही त्याच्या आई-वडिलांकडून डॉक्टरांनी लिहून दिलेली कृती मागून घ्या : धाप लागली तर कुठलं औषध, किती वेळा, कधी दवाखान्यात न्यायचं. त्याचा पंप वर्गातच, तुमच्या हाताशी असला पाहिजे, कार्यालयातल्या कुलपातल्या कपाटात नको. त्याची जागा रस्त्याकडून मैदानाकडे आणि फळ्यापासून लांब करा. पण एकट्याला उठवून हलवू नका, अख्ख्या वर्गाच्या जागा बदलताना त्यालाही बदला. आठ वर्षांच्या मुलाला आपण वेगळे आहोत हे फार लागतं.

आणि पालक. ज्या पालकांना हवेची इतकी चिंता आहे त्यांच्याकडे एक गोष्ट मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे : फाटकाशी इंजिन बंद. शक्य असेल त्यांनी गाडी शाळेपासून थोडी दूर उभी करून मुलाला चालत आणावं. तुमच्या रस्त्याकडच्या खिडक्यांखाली सकाळी जे जळतं त्यातलं बरंच त्यांच्याच गाड्यांतलं आहे. हे कुणाला दोष न देता, वहीतले आकडे समोर ठेवून सांगा. शाळा भरतानाचा आकडा आणि तासाभरानंतरचा आकडा शेजारी शेजारी लिहिले की फार बोलावं लागणार नाही.

तीच वही मुख्याध्यापकांकडेही न्या, पुढच्या वर्षाचं वर्गवाटप ठरायच्या आधी. रस्त्याकडच्या खोल्यांत सामानाची खोली, वाचनालय, आठवड्यातून एखाद-दोन तास वापरली जाणारी प्रयोगशाळा. दिवसभर भरणारे लहान मुलांचे वर्ग मैदानाकडे. यंत्रांचा विषय त्यानंतर, ज्या वर्गांना दुसरी जागा मिळणारच नाही त्यांच्यापुरता काढा. म्हणजे वर्गणीही कमी लागेल आणि ती योग्य जागी खर्च होईल.